एनडीएची मेडिकल : सुभाषला पत्र

धुळे
२२ ऑक्टोबर

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

रोहितच्या आणि आश्रमशाळेतल्या तुझ्या दोन विद्यार्थ्यांच्या एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) मेडिकलबद्दल तू विचारलंस. लेखी एप्रिलमध्ये आहे, म्हणजे हातात अजून महिने आहेत, आणि मेडिकलच्या बाबतीत खरी गोष्ट तीच.

आधी त्या ‘वेव्हर’चं, म्हणजे दोष माफ करण्याचं. रोहितनं नेटवर वाचलं ते अमेरिकेचं आहे. तिकडे डॉडमर्ब नावाची यंत्रणा मुलाला तपासते, आणि तिनं अपात्र ठरवलं तरी वेस्ट पॉइंटसारखी अकादमी स्वतःच्या अधिकारात तो दोष माफ करू शकते. आपल्याकडे असा माफीचा अर्ज नसतो. एसएसबीत (लेखीनंतरच्या मुलाखतींच्या निवड मंडळात) निवड झाली की तिथूनच मिलिटरी हॉस्पिटलात पाठवतात. तिथल्या बोर्डानं अनफिट ठरवलं तर अपील बोर्ड, आणि तिथेही नाही जमलं तर रिव्ह्यू बोर्ड. ही दोन्ही बोर्डं दोष आहे की नाही, एवढंच पुन्हा बघतात. दोष असेल तर कुणाच्या ओळखीचा किंवा आमदाराच्या पत्राचा काडीचा उपयोग नाही.

नियमातच लिहिलेल्या सवलती मोजक्या आहेत. उंची मुलांना १५७ सेंटिमीटर, मुलींना १५२. वय अठराच्या आत असेल तर पुढे वाढ होईल असं धरून दोन सेंटिमीटर सोडतात. गोरखा, ईशान्येकडचे डोंगरी भाग, गढवाल आणि कुमाऊँ यांना पाच सेंटिमीटर कमी चालतात. सातपुडा त्या यादीत नाही. धडगावचा मुलगा डोंगरातला असला तरी त्याला १५७ च लागेल, हे त्याला आत्ताच सांगून टाक. हवाई दलाच्या फ्लाइंगला (विमान चालवण्याच्या शाखेला) साधारण १६३ सेंटिमीटर लागतात, शिवाय पायाची आणि बसलेली उंची वेगळी मोजतात.

दुसरी सवलत मात्र तुझ्या पावरा मुलीच्या कामाची आहे. एरवी कायमचं गोंदण फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. पण जमातीच्या रूढीप्रमाणे कपाळावर, गालावर किंवा अंगावर गोंदलेलं असेल, तर प्रत्येक केस वेगळी पाहून परवानगी देतात, आणि तो अधिकार सिलेक्शन सेंटरच्या कमांडंटचा असतो. तेव्हा जमातीचा दाखला जवळ ठेवायचा, आणि लेझरनं किंवा ॲसिडनं गोंदण काढायला अजिबात जायचं नाही. गोंदण जातं, डाग राहतो, आणि मग बोर्डाला त्या डागाचं उत्तर द्यावं लागतं. दंडावर जत्रेत काढलेलं नाव रूढीत बसत नाही, हेही पोरांच्या कानावर घाल.

आता मुदत. अपील बोर्ड पहिल्या बोर्डानंतर ४२ दिवसांच्या आत पूर्ण व्हावं लागतं. एवढ्यात काय बरं होतं? कानातला मळ, किडलेले दात, दोन-तीन किलो जादा वजन, गजकर्ण, थोडं कमी असलेलं हिमोग्लोबिन. हर्नियाचं ऑपरेशन त्यात बसत नाही, कारण ऑपरेशननंतर २४ आठवडे झालेले असावे लागतात आणि त्याचे कागद दाखवावे लागतात. ४२ दिवस म्हणजे सहा आठवडे! म्हणून हर्नियासारखं काही असेल तर आत्ता, दिवाळीच्या सुट्टीत करून टाकायचं. एप्रिलच्या लेखीनंतर एसएसबीचा नंबर साधारण पावसाळ्यात लागतो, तोवर २४ आठवडे निघून जातात. फिट ठरलेलीही पुष्कळ मुलं हे आधीच उरकून आलेली असतात.

रोहितचा चष्मा उणे १.७५ आहे म्हणालास. आर्मीत उणे २.५ पर्यंत चालतं, बिनचष्म्याची नजर ६/३६ पेक्षा वाईट नको आणि चष्म्यानं दोन्ही डोळे ६/६ यायला हवेत. नेव्हीत उणे ०.७५ च्या पुढे नाही. फ्लाइंगमध्ये मायोपिया, म्हणजे उणे नंबर, अजिबातच नाही. म्हणजे अर्जात पसंतीक्रम भरताना आर्मी वर ठेव, बाकीचं स्वप्नरंजन नको. या वयात नंबर वाढतो, म्हणून डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर काढून घे. त्याशिवाय काढलेला नंबर या पोरांचा खरा नसतो. लेसरच्या जाहिराती जळगावपासून शहाद्यापर्यंत लागल्यात, पण बारावीनंतरच्या एंट्रीला लेसिक (डोळ्यांचं लेसर ऑपरेशन) चालत नाही. पैसे गेले आणि संधीही गेली, असं व्हायचं. रंग ओळखण्याची चाचणीही आत्ताच करून घे. तो दोष जन्माचा असतो, त्याला औषध नाही. कळायचं असेल तर दोन वर्षं क्लास लावून मग कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आपल्या भागातली खरी अडचण मुतखडा. बोर्ड पोटाची सोनोग्राफी करतं, आणि खडा कितीही लहान असो, एक असो की चार, दुखत असो वा नसो, अनफिट. एकच किडनी जन्मतः असेल तर तेही अनफिट. रावेर-यावलच्या उन्हात दिवसभर पाणी न पिता क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना लघवी पिवळी होईस्तोवर तहान कळत नाही. लघवी फिकट राहील इतकं पाणी, हाच नियम. सोनोग्राफी एकदा आत्ता करून घे, म्हणजे निदान काय आहे ते कळेल.

तुझ्या आश्रमशाळेच्या मुलांसाठी आणखी एक. नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, तुला माहीतच आहे. सिकलसेलचा आजार, किंवा थॅलेसेमिया (रक्ताचाच दुसरा आनुवंशिक दोष), अगदी मायनर म्हणजे सौम्यसुद्धा, असेल तर अनफिट ठरतात. आधी साधी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी पक्की चाचणी. धुळे, जळगाव, नंदुरबारला आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, खाजगीत जायची गरज नाही. हिमोग्लोबिन मुलांचं १३ आणि मुलींचं ११.५ च्या वर हवं. कमी निघालं तर आधी कारण शोधा, नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनरमध्ये लोहानं काही होत नाही, नुसते महिने जातात.

दातांचा हिशोब लोकांना कळत नाही, म्हणून जरा सविस्तर. दात पॉइंटनं मोजतात, आणि वरचा-खालचा समोरासमोर नीट बसणारा असेल तरच पॉइंट मिळतो. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीला एक, दाढांच्या जोडीला दोन. बत्तीस दात असले की २२, पण सतराव्या वर्षी अक्कलदाढा नसतात, म्हणून सुरुवातच १८ पासून. किमान हवेत १४. एका बाजूची एक दाढ काढली की १६, दुसऱ्या बाजूचीही गेली की १४, आणि तिसरी गेली की संपलं. म्हणून गावातल्या दातवाल्यानं ‘काढून टाकू’ म्हटलं तरी काढू नका, फिलिंग किंवा रूट कॅनाल करा. आणि गुटखा. नुसते दात नाही, तोंड किती उघडतं तेही बघतात. दोन वर्षं पुड्या खाल्लेल्या पोराचं तोंड आवळलेलं असतं, ते लपत नाही.

पायांबद्दल: सरळ उभं राहून गुडघे एकमेकांना टेकवले की घोट्यांमधलं अंतर मुलांमध्ये ५ आणि मुलींमध्ये ८ सेंटिमीटरच्या वर नको. उलट, घोटे एकमेकांना टेकवून गुडघ्यांमध्ये ७ च्या वर नको. यावर उशी दाबायचे व्यायाम व्हिडिओत फिरतात. हाड वाकडं असेल तर उशीनं सरळ होत नाही. मात्र मांड्या जाड असल्यामुळे अंतर वाढलेलं असेल तर वजन कमी केल्यावर ते उतरतं. सपाट तळव्याची फार काळजी करू नको. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान येत असेल, पाय लवचिक असेल आणि धावताना दुखत नसेल, तर चालतं. हात सरळ केल्यावर कोपरातला कोन मुलांना १५ आणि मुलींना १८ अंशांपर्यंत.

रक्तदाब १४०/९० च्या खाली. तिथं घाबरून वाढला तर २४ तासांचं यंत्र बांधून बघतात. अंगावर नायटा असेल तर दुकानातली स्टेरॉइडची मिश्र क्रीमं बंद कर. दबतो आणि दुपटीनं येतो, कातडीही पातळ होते. त्वचेच्या डॉक्टरकडूनच औषध घ्या. कानात काडी घालू नये, थेंब टाकून ईएनटीकडे मळ काढावा. ऐकणं तपासताना कुजबूज ६१० सेंटिमीटरवरून, मुलाला पाठमोरं उभं करून, एकेका कानानं ऐकवतात.

बोर्डासमोर आजारपणाचा इतिहास लिहून सही करावी लागते. ऑपरेशन झालं असेल तर लिहायचं, कागद दाखवायचे. लपवलेलं पुढे निघालं तर अनफिटपेक्षा वाईट.

अपीलच्या वेळी एक लक्षात ठेव. अनफिट ठरल्यावर कारण नीट लिहून घ्यायचं, नुसतं तोंडी ऐकून निघायचं नाही. अपील बोर्डातही अनफिट झाला तर रिव्ह्यूचा अर्ज एका दिवसाच्या आत द्यावा लागतो, म्हणून त्याचा मजकूर आधीच तयार करून खिशात ठेवा. रिव्ह्यू हक्क म्हणून मिळत नाही, लष्करी वैद्यकीय सेवेचे महासंचालक केस बघून मंजूर करतात. तो दिल्लीच्या लष्करी आर अँड आर हॉस्पिटलात किंवा पुण्यात एएफएमसीला (लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात) होतो, आपल्याला पुणे सोयीचं. मेरिट लिस्ट मेडिकलवर ठरत नाही, लेखी आणि एसएसबीवरच ठरते. पण नाव यादीत असून फिट नसेल तर खडकवासल्याला जाता येत नाही.

एसएसबीला भोपाळ मिळालं तर भुसावळहून थेट गाडी आहे. परतीचं तिकीट मात्र आधी काढू नको. निवड झाली की मेडिकलसाठी तिथेच थांबवतात. जुना चष्मा, चष्म्याचा कागद, ऑपरेशनचे कागद आणि चार-पाच दिवसांचे कपडे बरोबर द्यायचे.

रोहितची सोनोग्राफी आणि डोळ्यांचा कागद मला व्हॉट्सॲपवर पाठव. पावरा मुलीचं आणि धडगावच्या मुलाचं हिमोग्लोबिन या आठवड्यात होईल तर बरं, त्यांचेही आकडे पाठव.

वहिनींना नमस्कार, रोहितला आशीर्वाद.

तुझा,
विजय