मुरघासासाठी एकट्या मक्यावर विसंबू नये

संपादक महोदय,

मुरघास (हवाबंद खड्ड्यात आंबवून टिकवलेली हिरवी वैरण) म्हटला की मका, हे समीकरण पशुपालकांच्या मनात इतके घट्ट बसले आहे की त्यात द्विदल पीक मिसळण्याचा विचार फारसा होत नाही, याची मला खंत वाटते. साखर आणि पिष्टमय पदार्थ भरपूर असल्याने मका उत्तम मुरतो. मात्र त्यातील प्रथिने शुष्क वजनाच्या जेमतेम ८ टक्क्यांच्या आसपास असतात आणि ती तूट शेवटी महागड्या पेंडीने भरून काढावी लागते. मक्याच्या दोन ओळींनंतर प्रथिने अधिक असलेल्या चवळी या द्विदल पिकाची एक ओळ पेरल्यास हा भार बराच हलका होतो.

एकट्या चवळीचा मुरघास मात्र करू नये. द्विदल वैरणीत साखर कमी असते व ही वैरण आम्लतेला विरोध करते, त्यामुळे सामू (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ४ च्या जवळ लवकर उतरत नाही आणि वैरण मुरण्याऐवजी सडते.

कापणीची वेळ मक्यावरूनच ठरवावी. कणीस मध्यावर मोडून दाणे पाहिले असता पिवळा कडक भाग आणि दुधाळ भाग यांमधील रेषा दाण्याच्या निम्म्यावर आलेली दिसली पाहिजे. चवळीत ओलावा अधिक असतो, म्हणून कुट्टी (वैरणीचे बारीक तुकडे) मुठीत घट्ट दाबून पाहावी: पाणी ठिबकले, तर उरलेले पीक कापून काही तास शेतातच सुकू द्यावे, मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला, तर खड्डा भरण्यास हरकत नाही. दाबून हवा काढण्यात हयगय झाली, तर मिश्रण कितीही चांगले असले तरी बुरशी धरते.

आपला,
एक पशुपालक