शेवंडीची रेसिपी छापलीत, पण ती मारायची कशी ते राहूनच गेलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही शेवंडीच्या (म्हणजे लॉबस्टरच्या) सुक्याची रेसिपी छापलीत, मी मूळची मालवणची, गेली अठरा वर्षं सिंहगड रोडला राहतेय, त्यामुळे फोटो बघूनच तोंडाला पाणी सुटलं. पण पहिलीच ओळ होती की जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात सोडा आणि झाकण दाबून धरा, ती वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. झाकण दाबून का धरावं लागतं, एवढा तरी विचार छापायच्या आधी व्हायला हवा होता.

मी असंच बघत मोठी झाले. आई टोपावर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवायची, आतून खडखड आवाज यायचा आणि मग बंद व्हायचा, आणि आम्हाला सांगायचे की त्यांना काही कळत नाही. या मे महिन्यात भावाने रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाऊण किलोची जिवंत शेवंड पाठवली, ओल्या गोणपाटात गुंडाळून थर्माकोलच्या बॉक्समधून. उचलायला गेले तर करकर आवाज करायला लागली आणि माझी मुलगी म्हणाली, आई ती रडतेय का गं? रडत नव्हती, शेवंडीला कंठच नसतो, पकडलं की मिशांच्या बुडाशी घासून ती हा आवाज काढते, आणि टोपातून कधी शिट्टीसारखा आवाज येतो तो कवचातून सुटणाऱ्या वाफेचा. हे सगळं मुलीला सांगितलं, पण रडत नाही म्हणजे दुखत नाही असं थोडीच आहे, आणि ते तिला सांगणं मला जमलं नाही.

त्यानंतर बरंच वाचलं. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड यांच्या प्रयोगात खेकड्यांना दोन अंधारी बिळं दिली होती, त्यातल्या एकात गेलं की शॉक बसायचा, दोनचार वेळा बसला की बरेच खेकडे ते बीळ सोडून दुसरीकडे जायला लागले. ब्रिटनमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी ३००हून जास्त संशोधनं तपासून २०२१ मध्ये अहवाल दिला आणि २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंडी, कोळंबी हे सगळे वेदना जाणवणारे प्राणी म्हणून आले. स्वित्झर्लंडमध्ये तर १ मार्च २०१८ पासून शेवंड आधी बेशुद्ध न करता उकळायला बंदी आहे. आणि परदेशाचंच कशाला, आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा बघा, त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव, खाण्यासाठी मारायला मुभा आहे पण विनाकारण वेदना देऊन नाही.

मी मासे सोडणार नाहीये आणि कुणाला सोडा म्हणतही नाहीये. म्हणणं एवढंच की अर्धा तास आधी तयारी केली तर हे नीट करता येतं, घरच्या ओट्यावर. मोठ्या पातेल्यात तीन भाग बर्फ आणि एक भाग मिठाचं पाणी घ्यायचं, लिटरला साधारण दोन मोठे चमचे मीठ म्हणजे समुद्राइतकं खारट होतं. नुसतं नळाचं पाणी अजिबात नको, खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात तडफडून मरतो, आमच्या ह्यांनी चांगल्या मनाने ती शेवंड नळाच्या पाण्याच्या बादलीत सोडली होती, मला उशिरा कळलं याचं अजून वाईट वाटतं. बर्फात निदान वीस मिनिटं ठेवायची, मग शेपूट हाताने सरळ करून बघायची, जोर लावून परत वळली नाही आणि कवचावर टिचकी मारली तरी डोळे हलले नाहीत तर ती बेशुद्ध झाली, नाहीतर परत बर्फात.

मग लगेच, रेंगाळायचं नाही. पाठीवर उताणी ठेवायची, जड धारदार सुरीने छाती आणि शेपूट जुळते तिथून मधोमध डोक्याकडे कापायचं, मग फिरवून शेपटीपर्यंत, सगळं मिळून दहा सेकंदांत. डोक्यात नुसतं टोचून भागत नाही कारण आपल्यासारखा एकच मेंदू तिला नाही, मज्जातंतूंच्या गाठींची माळ पार शेपटीपर्यंत जाते. पहिल्यांदा करताना हात थरथरेल, माझा थरथरला, पण सुरी बोथट असेल तर हाल तिचे होतात म्हणून धार आदल्या दिवशीच लावून ठेवा. अशी उभी चिरली की शेपटीतली काळी शीरही आख्खी निघते आणि मसाला आतपर्यंत जातो.

तुमच्या रेसिपीत अजून एक लिहिलंय की कवच लाल झालं की शिजली. नाही हो! लाल रंग कवचात आधीपासूनच असतो, तो प्रथिनाला बांधलेला असतो म्हणून दिसत नाही, उष्णतेने सुटा झाला की दिसतो आणि तेव्हा आतलं मांस कच्चं असू शकतं. सगळ्यात जाड भाग उघडून बघायचा, पारदर्शकपणा जाऊन पांढरं घट्ट झालं पाहिजे, थर्मामीटर असेल तर ६३ डिग्री. आणि पुण्यापर्यंत येताना वाटेतच मेली, कधी मेली माहीत नाही, तर कितीही महाग असली तरी टाकून द्या, मेल्यावर तिच्याच पोटातला पाचकरस मांस पिठूळ करतो आणि जंतूही भराभर वाढतात. पोटाला त्रास होण्यापेक्षा फ्रोझन शेपट्या आणलेल्या बऱ्या.

पुढच्या रविवारी कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आहेत असं तुम्ही जाहीर केलंय. इथे बाजारात तोलून झाल्या झाल्या जिवंत कुर्लीच्या नांग्या मोडून देतात, आपणही चावेल म्हणून मोडूनच मागतो. त्याऐवजी नांग्या बांधलेल्याच घरी आणून आधी बर्फात ठेवा, पूर्ण सुन्न झाल्यावर उताणी करून पोटावरची झडप उचला आणि तिच्याखाली टोकदार सुरी खोल घाला, मग पुढच्या बाजूला डोळ्यांमध्ये, कारण तिच्या मज्जातंतूंच्या गाठी दोन ठिकाणी असतात, आणि नांग्या त्यानंतर मोडा. नांग्या मोडून घ्या असं रेसिपीत येईल त्याच्या आधी एवढं छापाल का?

आपली,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे