वाहनाची सोय होईल तसतसे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला नगरच्या छावणीतल्या बोअर कैद्यांवरचा (दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढताना पकडलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांवरचा) लेख वाचला. लेखकमहाशयांनी कष्ट घेतले आहेत, त्याबद्दल अभिनंदन. पण ‘युद्ध संपताच इंग्रज सरकारने सर्वांना सन्मानाने घरी पोहोचवले’ हे वाक्य वाचून चहा गार झाला.

युद्ध संपताच? 31 मे 1902 च्या तहातले दुसरे कलम लेखकाने एकदा नजरेखालून घालावे. आधी इंग्रजांच्या राजाची, सातव्या एडवर्डची, प्रजा असल्याचे लिहून द्यायचे, मग ‘वाहनाची सोय होईल आणि पोटापाण्याची व्यवस्था लागेल तसतसे’ टप्प्याटप्प्याने घरी आणले जाईल. किती दिवसांत? तारीख नाही. अशा कलमावर कारकुनाच्या दोन पिढ्या बसून खातात. सुमारे 9 हजार माणसे एकट्या हिंदुस्थानात होती, शिवाय सिलोन, सेंट हेलेना, बर्म्युडा. कोणाची बोट आधी, कोणाची नंतर, हे साहेबाच्या टपालावर ठरायचे. आणि सर्वांना कसे? सही करणार नाही म्हणून हटून बसलेले होतेच की! त्यांना समजवायला खुद्द बोअरांच्याच जनरल दे ला रे याला डिसेंबर 1903 मध्ये हिंदुस्थानात यावे लागले. ज्याने मार्च 1902 मध्ये इंग्रजांच्या सेनापतीला, लॉर्ड मेथ्युएनला, पकडले, तोच आता ‘बाबांनो, सही करा आणि घरी चला’ म्हणून विनवत होता. सिलोनात एंगेलब्रेख्ट नावाच्या गड्याने शपथ घेतलीच नाही. तो तिकडेच राहिला आणि पुढे यालाच्या जंगलाचा रखवालदार झाला. लेखात या दोघांचा पत्ताच नाही. बोअरांच्या दाढ्यांवर मात्र अख्खा परिच्छेद आहे.

मला हे एवढे का झोंबले ते सांगतो. मी कंडक्टरकी केली. 1981 सालची गोष्ट, रात्रीची मुक्कामी गाडी. एक म्हातारा चढला, त्याच दिवशी तुरुंगातून सुटलेला. आत जाताना जमा केलेला सदरा परत मिळाला होता, त्यावर घड्यांच्या रेघा तशाच. उपरण्याच्या गाठीतून मोजून भाडे काढले, तालुक्यापर्यंतचे. कागदावर तालुक्याचेच नाव होते म्हणे, तेवढेच मिळाले. गाव त्यापुढे सात मैल, आमच्याच गाडीच्या वाटेवर. तालुका आला, साडेनऊ वाजले होते. त्याने उठून दाराशी जाऊन बाहेरच्या अंधारात पाहिले आणि मला विचारले, ‘‘साहेब, आता रस्ता डांबरी झालाय का?’’

मी म्हटले, बसा बाबा.

पुढच्या फाट्यावर चेकर चढला. माझ्या ट्रेमधली तिकिटे, वे-बिल, पैसे सगळे जुळले, पण एक माणूस जास्त भरला. रुपया चाळीस पैशांचे तिकीट. मी खिशातून भरतो म्हटले तर ‘‘आता भरून काय उपयोग, आता तो रिपोर्ट.’’ एक पगारवाढ थांबली, ती निवृत्तीपर्यंत माझ्यामागे राहिली. म्हातारा उतरताना माझ्या पाया पडायला वाकला, मी चेकरकडे बघत राहिलो. कैदी सोडला की सरकारचे काम झाले, तो घरी पोहोचला की नाही हे कोणी बघत नाही. 1902 मध्ये नव्हते बघत, 1981 मध्येही नव्हते. तेव्हा ‘सन्मानाने घरी पोहोचवले’ वगैरे आम्हाला सांगू नये.

जाता जाता. लेखासोबत ‘नगरचा किल्ला’ म्हणून जे छायाचित्र छापले आहे, त्यात किल्ला डोंगरावर दिसतो. आमचा किल्ला भुईकोट आहे हो, सपाट जमिनीवर, भोवती खंदक. जन्म नगरात गेला, इथे डोंगरावर चढून किल्ल्यात गेल्याचे मला काही आठवत नाही. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पहिल्या पानावर छापावी. मागच्या वेळची दुरुस्ती निविदांच्या जाहिरातींमध्ये, भिंगाशिवाय सापडली नव्हती.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, नगर