पाणी मोजायला लावणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

विद्यापीठाच्या क्रीडा संकुलाचं पाणी आणि वीज वाचवायला तुम्ही जी मदत केलीत, तिच्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. नवीन सामान आणण्याआधी आहे ते मोजा, असा तुमचा आग्रह. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या इतर मैदानांनाही उपयोग व्हावा म्हणून तपशीलही लिहीत आहोत.

फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी द्यायचं तर ७,१४० लिटर लागतं, पाच मिलिमीटरला ३५,७००. हा आकडा कळला की स्प्रिंकलर दहा मिनिटं जास्त चालू राहिला तरी जीव तुटतो. तुमची डब्यांची चाचणी तर प्रत्येक मैदानावर व्हायला हवी. सरळ काठाचे सारखे डबे स्प्रिंकलरभोवती दोन-दोन मीटरवर ठेवायचे, पंधरा मिनिटं पाणी सोडायचं आणि पट्टीने उंची बघायची. एका डब्यात सहा मिलिमीटर आणि शेजारच्यात दोन भरले, तर नोझल तुंबलंय, स्प्रिंकलर कललाय किंवा दाब कमी पडतोय. ते न बघता एका कोरड्या कोपऱ्यासाठी सगळं मैदान दुप्पट वेळ भिजवलं जातं. जांभ्यावरचा मातीचा थर पातळ; मुळांच्या खाली उतरलेलं पाणी गेलंच. म्हणून पहाटे, वारा पडलेला असताना, दोन टप्प्यांत द्यायचं.

वैशाखात किनाऱ्यालगतची विहीर एका दमात उपसली की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते, समुद्राचं पाणी आत सरकतं आणि पाणी मचूळ होतं. हरळी थोडा खारेपणा सोसते, पण पात्यांची टोकं करपू लागली की पाणी जास्त खारं झालंय असं समजावं. दोन तास पंप, मग विहीर भरेपर्यंत विश्रांती, आणि टीडीएस मीटरची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राची, आठवड्याला एक नोंद.

न्हाणीघरांची गळती शोधायला रात्री सगळे नळ बंद करून मीटर लिहायचा आणि पहाटे पुन्हा बघायचा. आकडा पुढे गेला तर फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकायचा. अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला की वॉशर गेलाय. दहा हजार लिटर पाणी वीस मीटर चढवायला, पंप आणि मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर, जवळजवळ १.४ युनिट जातात. गळणारं पाणीही तेवढीच वीज खाऊन वर चढलेलं असतं. पंपाच्या विहिरीतल्या पाइपच्या तळाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हच्या झडपेत कचरा अडकला तर पाणी मागे उतरतं, पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं, हे तुम्ही पंप उघडून दाखवलंत.

जुने ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे चोकसकट ४५० वॅटच्या आसपास घेतात. गरम असताना बंद केले तर पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून मध्यंतरात कोणी हात लावत नाही. एलईडी लगेच लागतात, तेव्हा सरावाची आणि सामन्याची रांग वेगळ्या स्विचवर घ्या, हे तुमचंच म्हणणं. दिव्यात केबल शिरते ते तोंड खाली, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. खारं वारं दुसरं काही टिकू देत नाही.

हजार चौरस मीटर छप्पर, तीन हजार मिलिमीटर पाऊस. ८० टक्के हाती लागला तरी २४ लाख लिटर. पहिल्या पावसाचे दोन मिलिमीटर, म्हणजे दोन हजार लिटर, सोडून द्यायचे आणि पुढचं पाणी गाळणीतूनच विहिरीत घ्यायचं. मिरगाआधी पन्हळी साफ करून ठेवतो. गाळणीची वाळू बदलायची की धुऊन चालेल, ते मात्र तुम्ही येऊनच सांगा.

आपले कृतज्ञ,
क्रीडा विभागातील सर्वजण