ताई, त्या दोन दिवसांसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही मधेच तोडता, "ते राहू दे, लेकरं कशी आहेत सांग." म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथं तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात धाराशिव जिल्ह्यातल्या भूमला, आपत्तीत लेकरांना कसं सांभाळायचं या तुमच्या शिबिराला आम्ही तेवीस जण आलो होतो. आम्हाला वाटलं होतं मलमपट्टी, दोर, स्ट्रेचर असं काहीतरी शिकवाल. तुम्ही आम्हाला नुसतं फरशीवर बसवलंत आणि अगदी जवळ उभं राहून पाच मिनिटं बोलत राहिलात. वर बघून बघून माना अवघडल्या. मग तुम्ही खाली बसलात. म्हणालात, "निवाऱ्यातल्या लेकराला दिवसभर मोठ्यांचे गुडघेच दिसतात. त्याच्याशी बोलायचं असेल तर आधी खाली बसा." बाकीचं एक वेळ विसरेन, हे नाही विसरणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलंत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र. तुम्ही सात वर्षांच्या होतात. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये जो येई तो विचारी, "बाळा, तुझं कोण कोण गेलं?" प्रत्येक नव्या पाहुण्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. तुमच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं तर शेवटी बोलणंच सोडलं, असं तुम्ही म्हणालात आणि पाणी प्यायला उठलात. परत आल्यावर फळ्यावर तीन शब्द लिहिलेत: पाहा, ऐका, जोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारावरच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतले हे शब्द, आम्ही वहीत उतरवून घेतले. त्यात 'विचारा' नाही, हे तुम्ही दाखवल्यावर आमच्या ध्यानात आलं.

आणि मग सप्टेंबर आला. घटस्थापनेच्या आदल्या रात्री पावसानं जो जोर धरला, तो सोडायचं नावच घेईना. परंड्याच्या बाजूला सीना नदीनं पात्र सोडलं, हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. आमच्या माळावरच्या जिल्हा परिषद शाळेत रात्रीतून खालच्या वस्तीची माणसं आली, त्यात एक्केचाळीस लेकरं. ओल्या गोधड्या, शेरडं, एका आजीच्या मांडीवर देव्हाऱ्यातले देव.

सकाळी मी पहिलं काय केलं असेल, तर शाळेची घंटा वाजवली. आठला चहा, दहाला खेळ, चारला गोष्ट. बाहेर काही का चालू असेना, घंटा तीच आणि वेळ तीच, हे तुमचंच. डोळे बांधायचे खेळ नकोत, अंधारातून आलेली लेकरं आहेत, हेही तुमचंच. म्हणून आंधळी कोशिंबीर सोडून लंगडी घेतली. तिसऱ्या दिवसापासून लेकरंच घंटेआधी येऊन बसायला लागली.

आठ वर्षांची एक मुलगी रोज अंथरूण ओलं करायची आणि आई तिला सगळ्यांदेखत धोपटायची. भेदरलेल्या लेकराचं शरीर असं लहानपणाकडं मागं जातं, त्यात त्याचा दोष नसतो, हे मी त्या माउलीला बाजूला नेऊन सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं मुद्दाम करते." मग दोघी मिळून सतरंजी धुतली.

पण ताई, माझं एक चुकलं, तेही इथं लिहायला हवं. तिसरीतल्या एका मुलाचं करडू गोठ्यात बांधलेलं राहिलं होतं. तो सारखा विचारायचा. मला बघवेना, म्हणून मी म्हणून गेले, "असेल रे, उद्या आणू." दुसऱ्या दिवशी आजोबा पाण्यातून जाऊन आले. दावं तसंच होतं, करडू मेलेलं. पोरगं भिंतीकडं तोंड करून बसलं, जेवायलाही उठेना. मी रात्री तुम्हाला फोन केला. तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. म्हणालात, "त्याच्यापाशी जा. सांग की मला माहीत नव्हतं, तरी मी बोलले. चुकले मी." आठ वर्षांच्या पोराची माफी मागायला जीभ उचलत नव्हती. मागितली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "पाणी कधी ओसरंल?" मी म्हणाले, "माहीत नाही." त्यानं मान हलवली आणि गोष्टीला येऊन बसला.

कोणतं लेकरू कोण घेऊन गेलं, हे लिहायच्या तुमच्या रजिस्टरमुळं मात्र भांडण झालं. एका रात्री एका मुलीचा मामा तिला न्यायला आला. आई दवाखान्यात. तिच्याशी बोलणं होईपर्यंत मी लेकरू सोडत नाही म्हटल्यावर तो चिडला, "मी काय परका आहे का?" परका नव्हताच, सख्खा मामा निघाला. तासाभरानं फोन लागला, तोवर तो व्हरांड्यात बसून होता. जाताना सही करून म्हणाला, "माझी भाची होती म्हणून राग आला. पण असंच करत जा." एकटं सापडलेलं लेकरू आमच्याकडं आलं नाही. आलं असतं तर १०९८ या लेकरांच्या मदत क्रमांकाला फोन आणि चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढं, हे दारामागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. बिस्किटं वाटायला आलेल्यांनाही लेकरांसोबत फोटो काढू दिले नाहीत. काही जण नाराज झाले, होऊ देत.

आता मागणं. येत्या मे महिन्यात आमच्या गावात या. बचत गटातल्या अकरा जणी आणि चार पोरं तयार आहेत. पाऊस लागल्यावर शिकायला वेळ नसतो. फरशीवर मीच सगळ्यांना बसवते.

रजिस्टर दाखवायला आणेन. शेवटच्या पानावर त्या करडाच्या पोराची नोंद आहे: नेणारे आजोबा, अंगठा, दुपारी चार वीस. त्याखाली त्यानं पेन मागून घेऊन स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आहे. नाव इथं लिहीत नाही. तेही तुम्हीच शिकवलंत.

तुमची,
शिबिरात शेवटच्या ओळीत बसलेली