राजदूत ३५० साठी म्हणून विकलेला रेग्युलेटर फील्डला करंटच देत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘राजदूत ३५० ला थेट बसतो’ असे छापलेला १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर या गाडीच्या चार्जिंगला जुळत नसल्याबाबत.

महोदय,

तुमचा रेग्युलेटर बसवल्यापासून माझ्या राजदूत ३५० मोटरसायकलला चार्जिंग अजिबात येत नाही. वॉरंटीचा दावा तुमच्या सेवा केंद्राने ‘बॅटरी खराब’ एवढा शेरा मारून फेटाळला. तो शेरा चूक आहे. बाहेर चार्ज करून रात्रभर नुसती ठेवली तरी बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन ४,००० आरपीएमवर नेले तरी मात्र आकडा चढत नाही, उलट बाराच्या खाली उतरत जातो.

दोष तुमच्या रेग्युलेटरच्या जोडणीत आहे. या गाडीच्या अल्टरनेटरमध्ये (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात) कायमचे चुंबक नाहीत. रोटरच्या (त्याच्या फिरत्या भागाच्या) फील्ड कॉइलला, रोटरवर टेकणाऱ्या कार्बन ब्रशांमधून, बॅटरीचा करंट पोचला तरच चुंबकत्व तयार होते. एक ब्रश काळ्या वायरने अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला जोडलेला) आहे, दुसरा हिरव्या वायरने रेग्युलेटरकडे जातो. किल्लीतून तपकिरी वायरवर आलेला पॉझिटिव्ह हिरवीवर सोडायचा आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास गेले की आखडता घ्यायचा, हे रेग्युलेटरचे काम. मूळचा पॉइंट्सवाला रेग्युलेटर ते करतो. तुमचा हिरवी वायर अर्थला जोडतो. दोन्ही ब्रश अर्थला गेले, तर फील्डमध्ये करंट येणार कुठून?

हे तुमच्या टेबलावर पाच मिनिटांत तपासता येईल. रेग्युलेटर गाडीतून काढा. तपकिरीला बॅटरीचा पॉझिटिव्ह, काळीला निगेटिव्ह द्या. १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब हिरवी आणि काळी यांच्यात लावा: पेटत नाही. तोच हिरवी आणि तपकिरी यांच्यात लावा: पेटतो. या गाडीला नेमके उलटे हवे.

गाडीवरही तेच दिसते. डावे कव्हर काढून, इंजिन बंद आणि किल्ली चालू ठेवून रोटरच्या बोल्टला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो ओढला जायला हवा. तुमच्या रेग्युलेटरवर ओढच नाही. तो सोडवून तपकिरी आणि हिरवी वायर काही सेकंदांपुरती थेट जोडली की स्क्रूड्रायव्हर घट्ट चिकटतो, आणि इंजिन चालू केल्यावर व्होल्टेज झपाट्याने चौदाच्या वर जाते. (अशा जोडणीत व्होल्टेजला आवर राहत नाही, त्यामुळे जास्त वेळ चालवू नये.) म्हणजे रोटर, ब्रश, स्टेटर (अल्टरनेटरचा स्थिर भाग) आणि रेक्टिफायर (त्याचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) चारही ठीक आहेत. तरीही स्टेटरच्या तीन पांढऱ्या वायर आपापसात मोजल्या: तिन्ही जोड्यांत रेझिस्टन्स सारखा, बॉडीशी संपर्क नाही. रेक्टिफायरचे सहाही डायोड एकाच दिशेने करंट सोडतात.

तुमच्या प्रतिनिधीने ब्रशची अर्थ तोडून तिथे पॉझिटिव्ह द्यायला सांगितले. तसे केल्यास तुमचा रेग्युलेटर चालेल, हे मान्य. पण मग मूळ रेग्युलेटर पुन्हा लावता येणार नाही आणि पुढच्या मेकॅनिकला गाडीतला बदल कळणारही नाही. चाळीस वर्षांकडे झुकलेल्या गाडीचे वायरिंग मूळ स्वरूपात टिकवणे महत्त्वाचे आहे, आणि ‘थेट बसतो’ या शब्दांत अशी कापाकापी बसत नाही.

या गाडीच्या दोन्ही इग्निशन कॉइल बॅटरीवर चालतात, आणि ती बॅटरी जेमतेम ५.५ अँपिअर-अवरची. संध्याकाळी घोडबंदर रोडच्या रांगेत हेडलाइट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर चालू असताना मूळ चार्जिंगसुद्धा कमी आरपीएमवर कसेबसे पुरते. ते मुळातच नसेल तर आधी हॉर्न बसतो, मग ठिणगी कमजोर होते आणि गाडी उड्डाणपुलाच्या चढावर, मागून ट्रक येत असताना बंद पडते. म्हणून ही तक्रार केवळ पैशांची नाही.

बिलाची पूर्ण रक्कम परत द्या. पॉझिटिव्ह सोडणारा रेग्युलेटर तयार होईपर्यंत खोक्यावरून आणि विक्रेत्यांच्या यादीतून ‘राजदूत ३५०’ काढा, आणि ज्यांनी याच गाडीसाठी तो घेतला आहे त्यांना विक्रेत्यांमार्फत कळवा. पुढच्या प्रत्येक खोक्यात वायरिंगचा नकाशा घाला. आज त्यात वॉरंटी कार्डाखेरीज काही नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल. रेग्युलेटर तपासणीसाठी परत हवा असल्यास आधी पोच द्या, मगच तो पाठवला जाईल.

आपला ग्राहक,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)

सोबत: बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, सेवा केंद्राचा शेरा, बल्ब चाचणीचा व्हिडिओ.