‘छान’ म्हणून पुढे जाऊ नका, जरा थांबून सांगा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुलांच्या चित्रकला स्पर्धेच्या बक्षीस समारंभाची बातमी मागच्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. फोटोत मुलं प्रमाणपत्रं धरून उभी होती, पाहुणे मधोमध होते, चित्रं मात्र कुठंच दिसत नव्हती. या मुलांना त्यांच्या चित्राबद्दल कुणी काही सांगितलं असेल का, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. म्हणून हे पत्र.

मी बेळगावातल्या वडगावची. अडतीस वर्षं ब्लाऊज शिवते आहे. चित्रकला शाळेत शिकले तेवढीच. तीन वर्षांपूर्वी आई गेली. ती आयुष्यभर मागवाल्या विणकरांच्या घरी सुताच्या कांड्या भरत होती, फोटो काढून घ्यायची तिला कधी सवड झाली नाही. मागे राहिला तो ओळखपत्रासाठी काढलेला पासपोर्ट आकाराचा एक फोटो. स्टुडिओत मोठा करून आणला तर नुसता धूसर ढग दिसायला लागला. मग मीच पेन्सिल हातात घेतली.

पहिलं चित्र काढायला महिना गेला. घरात सगळे म्हणाले, छान झालंय. भाऊ म्हणाला, ‘अगदी आईच की!’ पण मला ते पटेना. ब्लाऊज अंगात घातल्यावर एखादं गिऱ्हाईक म्हणतं ना, ‘कुठंतरी ओढतंय बघा, पण कुठं ते कळंना,’ तसं झालं होतं.

इथल्याच शहापुरात एका मैत्रिणीच्या माडीवर दर रविवारी सहा-सात जण चित्रं घेऊन जमतात. ती मला तिथं घेऊन गेली. खानापूरहून येणारे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर दादा, बैलहोंगलकडची एक कानडी मुलगी, कॉलेजचा एक मुलगा, असे सगळे. तिथं दोन गोष्टी पाळतात. ज्याचं चित्र त्यानं पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही. आणि बोलणाऱ्यानं बोट ठेवून जागा दाखवायची, ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ एवढ्यावर सुटका नाही.

मास्तरांनी आधी विचारलं, ‘बाई, डोक्याचा वरचा भाग कुठं गेला?’ मला काही उमजेना. त्यांनी माझ्याच पिशवीतली टेप मागून घेतली आणि कॉलेजच्या मुलाच्या डोक्याला लावून दाखवली. हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत जेवढं अंतर, जवळजवळ तेवढंच डोळ्यांपासून टाळूपर्यंत. मी डोळे पार वर, कपाळात नेऊन बसवले होते. नवशिके सगळे हेच करतात म्हणे, कारण आपलं लक्ष नाकाडोळ्यांवर असतं, केसांखालच्या कवटीची आठवणच राहत नाही. अडतीस वर्षं माणसांची मापं घेणाऱ्या बाईनं आईचं माप न घेताच चित्र काढलं होतं. त्याचं मला फार वाईट वाटलं.

त्या कानडी मुलीनं आधी ‘भाळ चलो आगेद’, म्हणजे फार छान झालंय, म्हटलं आणि लगेच पदरावर बोट ठेवलं, ‘इन्ना स्वल्प करी माड्री.’ अजून जरा काळं करा. पेंटर दादा म्हणाले, ‘मावशी, डोळे किलकिले करून लांबनं बघा, सगळं एकाच रंगाचं दिसतंय.’ खरंच होतं ते. अख्खं चित्र मी एका एचबी पेन्सिलीनं काढलेलं. केस, पदर, गळ्याखालची सावली, सगळं सारखंच राखाडी. बी गटातली पेन्सिल मऊ आणि काळी, आकडा वाढेल तशी आणखी काळी, हे तेव्हा कळलं. आता टू बी, फोर बी आणि सिक्स बी जवळ बाळगते. काळ्या जागा खरोखर काळ्या झाल्यावर आईचा गाल आपोआप उजळला, गालाला मी हातही लावला नव्हता. डोळ्यांतला पांढरा भाग मी कोरा कागद ठेवला होता, त्यानं ती दचकल्यासारखी दिसत होती. तिथंही वरच्या पापणीची सावली पडते, कोरा ठेवायचा तो फक्त चमकेचा ठिपका. हेही मला मास्तरांनीच दाखवलं.

सुरकुत्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी. मी एकेक सुरकुती रेघ ओढून काढली होती आणि आईचा चेहरा तडे गेलेल्या भिंतीसारखा झाला होता. मास्तरांनी खुर्चीवर पडलेली एक साडी उचलली, चुणी पाडली आणि खिडकीपाशी धरली. ‘ही रेघ आहे की घडी?’ घडीला एक उजेडाची बाजू असते, एक सावलीची, आणि दोन्हींच्या मध्ये रंग हळूहळू उतरत जातो. हे मला सांगायला हवं होतं का? रोज चुण्या घालते मी! पण कापडावर जे दिसतं ते आईच्या गालावर मला दिसलं नाही. घरी येऊन सुरकुत्यांच्या सगळ्या रेघा कणकेसारख्या मळता येणाऱ्या खोडरबरानं टिपून काढल्या आणि हलक्या हातानं घड्या घातल्या. दोन रात्री लागल्या.

सगळंच ऐकावं असंही नाही. कॉलेजचा मुलगा म्हणाला, टिश्यू पेपरनं घासा, त्वचा गुळगुळीत येते. घासली. आईचे गाल मेणाच्या बाहुलीसारखे झाले. मास्तर त्या मुलाला चुकीचा म्हणाले नाहीत, मला एवढंच विचारलं, ‘आईचे गाल असे होते का?’ नव्हते. मग तो कागद बाजूला ठेवला आणि जाड कार्ट्रिज पेपरवर पहिल्यापासून काढायला घेतलं.

दुसरं चित्र नेलं त्या दिवशी त्या कानडी मुलीनं कसलीच चूक काढली नाही. तिनं विचारलं, ‘तुमची आई हसताना तोंड कोणत्या बाजूला जायचं?’ मी गप्पच झाले. आई सूत दातांनी तोडायची, नेहमी डाव्या बाजूनं. इतक्या वर्षांत खालचा ओठ डावीकडे जरा आत ओढला गेला होता. फोटोतही ते दिसतं. मी ते नीट करून टाकलं होतं! कापड दुमडून कापलं की दोन्ही बाजू सारख्या येतात, तसा मी अर्धा चेहरा काढून दुसरीकडे तोच उतरवला होता. ओठाचा तो कोपरा जरा आत घेतला, दोन मिलिमीटरसुद्धा नसेल, आणि समोर आई बसली. शेजारच्या मागवाल्या आजोबांना दाखवलं तर त्यांनी चित्राला हात जोडले.

आपलं बेळगाव चित्रकारांचं गाव आहे. के. बी. कुलकर्णी सरांनी इथं आपल्या चित्रमंदिर या कलाशाळेत पिढ्या घडवल्या, नामवंत चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. सरांच्या नावाचं कलादालन टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात आहे. प्रदर्शनं भरतात, दीप लावतात, अभिप्रायाच्या वहीत आपण ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ लिहून येतो. मीही लिहिलं आहे. त्यात वाईट काही नाही, पण काढणाऱ्याच्या हाती त्यातून काय लागतं?

प्रदर्शनं आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, शेवटच्या दिवशी एक तास राखून ठेवा. भाषणं नकोत. चित्र काढणाऱ्यांनीच एकमेकांच्या चित्रापुढे उभं राहून, बोट ठेवून बोलावं. मुलांच्या बाबतीत तर हे फार जपून करायला हवं, आधी चांगलं काय ते दाखवून मग एकच सुधारणा सांगावी, दहा नकोत. मुलगा मराठी शाळेतला असो की कानडी, सावली दोघांच्या कागदावर सारखीच पडते.

आणि आपल्यालाही एक विनंती. बालवाचकांची चित्रं छापाल तेव्हा प्रत्येक चित्राखाली नाव आणि इयत्तेबरोबर एखाद्या जाणकाराच्या दोन ओळी द्याव्यात. आमचे मास्तर हे काम आनंदानं करतील, त्यांना विचारूनच लिहिते आहे. चित्रं शनिवारपर्यंत मिळाली तर ते रविवारी सकाळी माडीवरच ओळी लिहून देतील.

आपली,
वडगाव, बेळगाव येथील एक शिवणकाम करणारी वाचक